मोठ्या हॉटेलांच्या मागच्या दाराने: तुमच्या घरचं कोणी भटारखान्यात, धुलाईत, पँट्रीत होतं का?

सदरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. जुन्या नागपुरावर धागा निघाला की सिव्हिल लाइन्सकडच्या जुन्या हॉटेलांचा विषय येतोच. कोण कोण साहेब उतरायचे, कोणत्या संस्थानिकाची मोटार पोर्चमध्ये उभी राहायची, नाताळात बँड कसा वाजायचा. हे सगळं पुढच्या दाराचं झालं. पहाटे चारला मागच्या दाराने जी माणसं आत शिरायची त्यांच्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

माझे आबाजी (आईचे वडील) अशाच एका हॉटेलात होते. नाव देत नाही, मालकांची पुढची पिढी इथेच आहे. 1930 च्या दशकात ते मसालची म्हणून लागले. मसालची म्हणजे भांडी घासा, मसाला वाटा, कोळसा फोडा, खानसाम्याच्या शिव्या खा. सुटले तेव्हा अख्खा भटारखाना त्यांच्या हाताखाली होता. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मेनूकार्डावरचा प्रत्येक पदार्थ अक्षरांच्या आकारावरून ओळखायचे. कार्डाची छपाई बदलली की दोन दिवस त्यांची चिडचिड चालायची, असं आई सांगते.

आता प्रश्न. मे महिन्यातल्या पार्ट्यांना आबाजी शंभर-शंभर पानांना जेली आणि आइस्क्रीम पाठवायचे. विजेचा फ्रिज हॉटेलात फार पुढे आला. 45 डिग्रीत हे जमवायचे कसे? कोणाला माहीत असेल तर नीट सांगा.

आणि ज्यांच्या घरी कोणी स्वयंपाकी, धोबी, बेरा, माळी, हमाल होतं, त्यांनी लिहाच. हे लोक आता ऐंशी-नव्वदीत आहेत किंवा नाहीत.

बर्डीवाली

फार चांगला धागा, दादा. माझे मोठे मामा नागपूर स्टेशनच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये होते. आईला विचारून सविस्तर लिहिते.

इतवारीचा_बर्फ

भाऊ, याचं उत्तर माझ्याकडे आहे. वडिलांचं बर्फाचं दुकान होतं आणि मी स्वतः आयुष्यभर फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम केलं.

बर्फाची लादी कारखान्यातून रात्रीच निघायची. उन्हात हलवली तर अर्धी रस्त्यातच जाते. खाली गोणपाट, वर लाकडाचा भुसा, परत गोणपाट, आणि बैलगाडी. मोठ्या गिऱ्हाइकाकडे बर्फाची पेटी असायची. बाहेरून सागवान, आतून जस्ताचा पत्रा, मधल्या पोकळीत भुसा नाही तर कोळशाचा चुरा. वरच्या खणात बर्फ आणि खालच्या खणात दूध, लोणी, मटण, कारण गार हवा खाली उतरते. तळाला तोटी, वितळलेलं पाणी काढायला. ही पेटी उघडायचा हक्क एकाच माणसाला असे. दर वेळी झाकण उघडलं की गारवा जातो, त्यामुळे ज्याच्याकडे किल्ली त्याचा भटारखान्यात दरारा.

जेली त्या पेटीत जमायची. जिलेटिन 35 डिग्रीच्या आसपास वितळतं, म्हणजे मे महिन्यात बशी बाहेर ठेवली की सरबत. तेव्हा पेटीतून काढली की बेऱ्याने पळतच टेबल गाठायचं.

आइस्क्रीमला नुसत्या बर्फाने भागत नाही. साखर घातलेलं दूध शून्याला गोठत नाही, त्याला आणखी खाली न्यावं लागतं. तिथे जाडं मीठ येतं. तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग मीठ घातलं की लाकडी पॉटमध्ये तापमान शून्याखाली 18-20 पर्यंत उतरतं. मीठ लागलं की बर्फ भराभर वितळतो, आणि वितळायला जी उष्णता लागते ती आतल्या डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. एका पोट्ट्याने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने सुआ घेऊन बर्फ फोडत राहायचं. दांडा जड झाला की आइस्क्रीम झालं. मग डबा तसाच मीठ-बर्फात पुरून वर ओलं गोणपाट. शंभर पानांचं काम असेल तर दुपारभर चार-पाच पॉट फिरत असणार. त्या पोट्ट्यांचे तळहात मिठाने चिरलेले असायचे, ते मी लहानपणी दुकानात पाहिलेत.

शनिवारची_सकाळ

पुण्याहून वाचतोय. पण एक प्रामाणिक शंका. आलिशान म्हणावं असं हॉटेल त्या काळी नागपुरात चालायचं कसं? मुंबईचं ताज 16 डिसेंबर 1903 ला उघडलं, तिथे विजेचे दिवे, लिफ्ट, तुर्की स्नानगृहं होती. मुंबईला बंदर होतं, बोटीतून पाहुणा उतरायचा. नागपुरात कोण येणार?

कामठीकर

अहो, राजधानी होती! 1861 ला मध्य प्रांत झाला तेव्हापासून 1956 पर्यंत. आणि ज्या जमशेटजी टाटांनी ताज बांधलं त्यांनी एम्प्रेस मिल आमच्या नागपुरात 1 जानेवारी 1877 ला चालू केली, म्हणजे ताजच्या सव्वीस वर्षं आधी.

गिऱ्हाईक कोण ते सांगतो. बदलून आलेले अंमलदार, बंगला मिळेपर्यंत. 1936 ला नागपूरला हायकोर्ट झालं, त्यानंतर बाहेरगावचे मोठे वकील. मनसर-कांद्रीकडच्या मँगनीजच्या खाणींचे साहेब. दोन-दोन रेल्वे कंपन्यांचे इंजिनिअर. हिवाळ्यात शिकारीला आलेले. शिवाय कामठीची छावणी 1821 पासूनची, तिथल्या फलटणीचे अधिकारी शनिवारी रात्री नागपूरला जेवायला येत.

बर्डीवाली

पुण्याला संत्री तेवढी पोहोचली, राजधानीची बातमी वाटेत भुसावळला उतरली :)

शनिवारची_सकाळ

ताई, संत्री पाठवत राहा म्हणजे झालं :) कामठीकर, मँगनीजचं अजिबात माहीत नव्हतं, धन्यवाद. मग पुढचा प्रश्न: एवढ्या पाहुण्यांच्या चादरी कोण आणि कुठे धूत असे?

परीटघडी

याचं उत्तर मी देते. माझ्या सासरी तीन पिढ्या हॉटेलची धुलाई होती.

हॉटेलात लिनन रूम असे. तिथला बाबू रोज सकाळी कपडे मोजून द्यायचा आणि संध्याकाळी मोजून घ्यायचा. चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलावरची कापडं, नॅपकिन, बेऱ्यांचे पांढरे कोट, स्वयंपाक्यांचे अंगरखे. शिवाय पाहुण्यांचे कपडे वेगळे. दहा घरचे कपडे एका भट्टीत जाणार, मग कोणाचा कोणता हे कळायचं कसं? बिब्ब्याने.

आमच्या आजेसासूबाई हे काम करायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हाही त्या करत होत्या म्हणून जवळून पाहिलंय. बिब्बा थोडा गरम करायचा, सुई टोचली की टोकाशी तपकिरी चिकट रस येतो. त्या सुईने कापडाच्या शिवणीत, आतल्या बाजूला, खूण करायची. तीन ठिपके आणि आडवी रेघ म्हणजे अमुक हॉटेल, दोन ठिपके आणि फुली म्हणजे तमुक वकीलसाहेब. खुणेवर लगेच ओल्या चुन्याचं बोट दाबायचं. बघता बघता ती काळी पडते आणि कापड फाटेपर्यंत जात नाही. भट्टीत घाला, सोड्यात घाला, नाही म्हणजे नाही. सुईला कापड लपेटून त्या धरायच्या, तरी बिब्बा उतायचाच. हातावर फोड, कधी चेहऱ्यावर सूज. खोबरेल लावून परत बसायच्या. अक्षरओळख नव्हती, पण दीडशे-दोनशे घरांच्या खुणा पाठ होत्या. सासरे म्हणायचे की मेलेल्या गिऱ्हाइकाची खूणही ती दुसऱ्याला देत नाही.

पुढचं काम असं. रात्री कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफेला लावायचे. पहाटे घाटावर. मग नीळ. नीळ जास्त झाली तर चादर आकाशी दिसते आणि हॉटेलवाले परत पाठवतात, कमी झाली तर पिवळट. टेबलाच्या कापडाला आणि कोटाला तांदळाच्या पेजेची खळ. नागपूरच्या उन्हात कपडा घटकाभरात वाळतो, हा मोठा फायदा. पण खळीचा कपडा इतका कडक वाळतो की पाणी शिंपडून, गुंडाळी करून, ओल्या फडक्यात ठेवल्याशिवाय इस्त्री बसत नाही. पावसाळ्यात उलटं. खोलीभर दोऱ्या आणि मध्ये शेगडी, कपड्याला धुराचा वास लागला तर पैसे कापले.

इस्त्री कोळशाची. झाकणाच्या फटीतून एक ठिणगी उडाली की नॅपकिनला भोक. त्या नॅपकिनची पूर्ण किंमत आमच्याकडून कापून घ्यायचे, आणि तो नॅपकिनही ठेवून घ्यायचे. याचा राग सासऱ्यांना शेवटपर्यंत होता. मलाही आहे.

इतवारीचा_बर्फ

बिब्बा आणि चुना! ताई, हे लिहून ठेवा हो. आमच्याकडे बिब्बा फक्त बाळंतिणीच्या लाडवात माहीत.

सदरचा_पोरगा

परीटघडी ताई, खरंच आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आबाजींच्या अंगरख्याच्या कॉलरमध्ये काळे ठिपके होते, तिला ते शाईचे डाग वाटायचे.

जुना_कॅप्टन

मी मुंबईत आणि नंतर नागपुरात हॉटेलच्या नोकरीत हयात घालवली, बेऱ्यापासून कॅप्टनपर्यंत (कॅप्टन म्हणजे बेऱ्यांचा मुकादम). थोडं व्यवस्थेबद्दल लिहितो.

मोठ्या हॉटेलचा भटारखाना आज ज्या पद्धतीने चालतो ती लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात बसली. ते 1889 ला उघडलं. ऑग्युस्त एस्कोफिए नावाचा फ्रेंच मुख्य स्वयंपाकी होता, त्याने कामाची विभागणी केली. रस्से एकाकडे, भाजणी दुसऱ्याकडे, मासे तिसऱ्याकडे, गोड आणि बेकरी वेगळी. एकच पदार्थ तीन हातांतून एकाच वेळी तयार होतो, त्यामुळे पाहुण्याला वेळ लागत नाही. भटारखान्यात दारू बंद केली आणि आचाऱ्यांना प्यायला जवाचं पेय ठेवलं. शेगडीपुढे माणूस तहानेने दारूकडे वळतो हे त्याला कळत होतं.

आपल्याकडे ही पद्धत आली ती आपल्या रीतीने आली. भट्टीच्या तोंडाशी एकजण उभा राहून ऑर्डर पुकारायचा. चिठ्ठी इंग्रजीत, पुकारा हिंदीत, आतून 'हां जी' मराठीत, गोव्याच्या कोकणीत, मद्रासकडच्या तमिळमध्ये. पुकारा देणाऱ्याला चाळीस टेबलांचं लक्षात ठेवावं लागे. अशी स्मरणशक्ती मी नंतर पाहिली नाही.

आता वेळेबद्दल. नाश्ता, दुपारचं, रात्रीचं, अशा तीन भरत्या. मधल्या वेळात पाहुणा नाही, म्हणून पगारही नाही आणि घरी जाण्याइतका वेळही नाही. याला आम्ही ब्रेक शिफ्ट म्हणायचो. 1948 च्या मुंबई दुकाने आणि आस्थापना कायद्याने हॉटेल कामगाराला दिवसात 9 तासांची मर्यादा घातली. फार मोठं काम झालं ते. पण 9 तास मोजायचे कसे? सकाळी सहाला हजर, रात्री अकराला सुट्टी, मधले तास वजा. माणूस दिवसभर तिथेच. दुपारी मागच्या आवारात, झाडाखाली, कोट उलटा करून त्यावर झोपायचो, म्हणजे चुणी पडली तरी आतून पडेल.

कामठीकर

कॅप्टनसाहेब, कोट उलटा करायची युक्ती आमच्या मेसच्या बेऱ्यांचीही होती!

इंदोरा_चौक

एवढं सगळं वाचलं, मनापासून आवडलं. पण एक गोष्ट अजून कोणी काढली नाही म्हणून मी काढतो. कोणतं काम कोणाला मिळायचं?

गोऱ्या साहेबाच्या ताटात गोमांस, डुकराचं मांस. ते शिजवायला, वाढायला, उष्टी भांडी घासायला सवर्ण नोकर तयार नसत. म्हणून त्या भटारखान्यात मुसलमान, गोव्याचे आणि मद्रासकडचे ख्रिश्चन, आणि आमचे महार. कामठी छावणीच्या बंगल्यांत आमच्या समाजाचे बटलर, खानसामे पुष्कळ होते. माझे पणजोबा त्यातलेच. ज्या काळात कापडगिरणीत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि बाकीच्यांना विटाळ व्हायचा, त्या काळात साहेबाच्या स्वयंपाकघरात आमचा माणूस पुडिंग करत होता. पगार बेताचा, पण स्वच्छ कपडा, बूट, आणि चार इंग्रजी शब्द. त्या चार शब्दांवर पणजोबांनी पोराला शाळेत घातलं.

दुसरी बाजूही आहे. देशी मालकांची हॉटेलं आली तेव्हा 'सगळ्यांना जेवायला चालावं' म्हणून स्वयंपाकी ब्राह्मण ठेवायची पद्धत पडली, आणि आमच्या लोकांना पुन्हा मोरी आणि संडास. ज्याला साहेबाच्या भटारखान्यात रोस्ट करता येत होतं, तो इथे झाडू मारत होता. हे मी घरी ऐकलेलं आहे, आणि ते विसरायची माझी तयारी नाही.

आणखी एक. 1956 च्या ऑक्टोबरात बाबासाहेब नागपूरला आले तेव्हा सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले होते. 13 तारखेला तिथेच पत्रकारांशी बोलले आणि 14 ला दीक्षा. त्या दिवसांत त्या हॉटेलात पाणी कोणी तापवलं, चहा कोणी नेऊन दिला, लोटलेली गर्दी जिन्यावर कोणी आवरली? खूप शोधतोय, मला अजून सापडलं नाही. इथे कोणाच्या घरी आठवण असेल तर कृपा करून लिहा.

सदरचा_पोरगा

भाऊ, तुम्ही लिहिलंत ते या धाग्यात हवंच होतं. आबाजी ज्या खानसाम्याच्या हाताखाली शिकले ते कामठीचे ख्रिश्चन होते, आणि आबाजी तेली. घरी परतल्यावर अंघोळ केल्याशिवाय त्यांना चुलीजवळ येऊ देत नसत, अंड्याचा वास येतो म्हणून. बारा तास शंभर माणसांचं रांधून आलेला माणूस स्वतःच्या चुलीपासून लांब, बाहेर बसायचा.

जुना_कॅप्टन

इंदोरा_चौक, देशी हॉटेलांबद्दल तुम्ही लिहिलेलं खरं आहे. मी नोकरीला लागलो तेव्हाही बेरा कोण आणि 'स्वीपर' कोण हे आडनावावरून ठरत होतं. मात्र एक सांगतो, युनियन आली तिथे हे पहिल्यांदा हललं. बढती सेवाज्येष्ठतेने द्या, ही मागणी भटारखान्यातून आली, डायनिंग हॉलमधून नाही.

इंदोरा_चौक

डायनिंग हॉलमधून कशी येईल, कॅप्टनसाहेब? बक्षिशी तिथेच मिळायची. पाहुणा खूश झाला स्वयंपाकावर आणि पैसे गेले कोटाच्या खिशात.

जुना_कॅप्टन

सगळीकडे नाही. मी होतो तिथे एक डबा होता. रात्री सगळी बक्षिशी डब्यात, आठवड्याने वाटप. कॅप्टनला जास्त वाटे, बेऱ्याला त्याहून कमी, पँट्रीतल्या पोऱ्याला अर्धा.

इंदोरा_चौक

आणि मसालचीला? धोब्याला? संडास साफ करणाऱ्याला?

जुना_कॅप्टन

नव्हता वाटा. त्यांनी मागितला होता, आम्ही बेऱ्यांनी अडवला. दिवाळीला मालकाकडून मिठाईचा पुडा तेवढा.

परीटघडी

आमच्याकडे तो पुडाही आला नाही कधी. धुलाई 'ठेक्यावर' म्हणून.

सोनेगाव_रात्रपाळी

विषय थोडा बाजूला नेतो, पण काम हेच. माझे वडील सोनेगाव विमानतळाच्या रेस्टॉरंटमध्ये होते. नव्या पिढीला माहीत नसेल, 30 जानेवारी 1949 पासून रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारी बाजूंनी विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र यायची. देशाच्या मध्यावर गाव आपलं. इथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल, आणि प्रवाशांचीही. मग आपापल्या दिशेला परत, सकाळी घरी. रात्री मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. वीस वर्षांवर हे चाललं.

थैल्या बदलेपर्यंत चारी विमानांचे प्रवासी आमच्या वडिलांच्या ताब्यात. रात्री एक-दीडला लोक जेवायला बसणार! कलकत्त्याच्या माणसाला मासे हवे, मद्रासच्या माणसाला भात-रसम, दिल्लीवाल्याला पोळी गरम, मुंबईच्या पारशाला अंडं. आणि सगळ्यांना एकाच वेळी, कारण विमान थांबणार नाही. एखाद्या दिशेला धुकं असलं की तिकडचं विमान उशिरा, मग त्यासाठी बाकीची तिन्ही थांबणार, आणि केलेलं सूप तीनदा गरम करायचं. वडील घड्याळ बघत नसत. डाकोटा विमानाच्या आवाजावरून सांगत की पहिलं आलं, फोडणी टाका.

दिवसा ते झोपायचे. मेच्या दुपारी, टिनाच्या छपराखाली, खिडकीला वाळ्याची ताटी लावून. आई दर अर्ध्या तासाने ताटीवर पाणी मारायची, आम्हाला आवाज करायची बंदी. आमच्या लहानपणी घरात दुपारी कोणी मोठ्याने बोललेलंच नाही.

बर्डीवाली

कसली जबरदस्त पोस्ट! डाकोटाच्या आवाजावर फोडणी!

इतवारीचा_बर्फ

ताटीचं निघालं म्हणून सांगतो, कारण मूळ प्रश्नाचा अर्धा भाग तिथे आहे. बर्फ महाग होता, रोज वाटेल तेवढा मिळत नव्हता. म्हणून भटारखान्यातलं दूध, लोणी, भाजी आधी वाळ्याच्या खोलीत ठेवायचे आणि बर्फाच्या पेटीत फक्त नाजूक माल. एक लिटर पाणी वाळताना हवेतून 580 किलोकॅलरीच्या आसपास उष्णता घेतं. नागपूरची मेची हवा कोरडी, पाणी भराभर वाळतं, खोली दहा-बारा डिग्रीने सहज उतरते. हेच मुंबईत करून बघा, हवेतच पाणी भरलेलं, ताटी नुसती ओली राहील. म्हणून कूलर नागपूरकराचा, मुंबईकराचा नाही. पण पाणी मारणारा माणूस लागतोच, रात्री-अपरात्रीसुद्धा. त्या माणसाचा उल्लेख कुठेच नसतो.

शनिवारची_सकाळ

कॅप्टनसाहेब, सदरचा_पोरगा, भांडी कशाची असायची? तांब्याची म्हणतात.

सदरचा_पोरगा

तांब्याची जाड पातेली, आतून कल्हई. आबाजींचा जीव कल्हईत असायचा. टोमॅटो, व्हिनेगर, लिंबू, सगळं आंबट, आणि कल्हई उडालेल्या जागी अन्न कळकतं. शंभर पाहुणे एका रात्रीत आजारी पडतील. रोज रात्री पातेली पालथी करून कंदिलापुढे धरायचे, कुठे लाल दिसतंय का बघायला. ठरलेल्या दिवशी कल्हईवाला मागच्या आवारात खड्डा करून भाता लावायचा. पातेलं लाल तापलं की नवसागर भुरभुरवायचा, पांढरा धूर, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात पुसून घ्यायचा. आईला त्या धुराचा वास अजून आवडतो. खाटेवर पडल्या पडल्या वर्णन करते.

बर्डीवाली

आईशी बोलले, लिहिते आता.

मोठे मामा रेल्वेत लागले तेव्हा स्टेशनची दगडी इमारत नवीच होती (ती 1925 ची, दगड सावनेरचा). रिफ्रेशमेंट रूम शाकाहारी वेगळी, मांसाहारी वेगळी. लांबच्या गाडीतले प्रवासी आधीच्या स्टेशनवर गार्डाला जेवण सांगत आणि तारेने निरोप येई: इतकी शाकाहारी, इतकी मांसाहारी. तार आली की ताटं मांडायला घ्यायची. गाडी लागली की मामा डोक्यावर ट्रे, एका हाताने दांडी धरून डब्याबाहेरून पायरीवर चढायचे. रिकामी ताटं पुढच्या स्टेशनला उतरायची आणि उलट्या गाडीने परत यायची. ताट हरवलं की मामांच्या पगारातून. म्हणून मामांना आमच्या घरी कोणी पाहुणा जेवून उठला की ताटं मोजायची सवय, मामी फार ओरडायच्या :)

आईची एक आठवण वेगळी आहे. विधिमंडळाचं अधिवेशन नागपूरला व्हायला लागलं, 1960 पासून, तेव्हा दर हिवाळ्यात हॉटेलांना माणसं कमी पडायची. सगळीकडून आचारी, बेरे गोळा करायचे. मामा रेल्वेची पाळी संपवून रात्री एका हॉटेलात वाढायला जात. महिनाभर घरी झोपायला येत नसत, पण त्याच पैशात दोन मावश्यांची लग्नं झाली.

कामठीकर

अधिवेशनाचं बरोबर. अजूनही डिसेंबर आला की केटरिंगवाले पोरं शोधत फिरतात. पैसे तेव्हा रोख मिळायचे, आता ठेकेदार मधे.

सोनेगाव_रात्रपाळी

आणि पीएफ नाही, विमा नाही. ज्या 9 तासांचा कॅप्टनसाहेबांनी वर उल्लेख केला ते आजच्या बँक्वेटच्या पोट्ट्यांना माहीतही नाहीत. माझा पुतण्या एका हॉटेलात आहे, सोळा तास उभा असतो लग्नसराईत. नाव नाही घेत.

इंदोरा_चौक

म्हणूनच जुनं नुसतं गोड करून लिहू नये. एस्कोफिएने आचाऱ्याला जवाचं पाणी दिलं, आपण पुतण्याला बसायला स्टूल तरी देतो का?

जुना_कॅप्टन

स्टूलही नाही. आम्हाला तर भिंतीला टेकायची बंदी होती. माझे दोन्ही पाय आज व्हेरिकोज व्हेन्सचे आहेत, हॉटेलात माझ्या वयाच्या निम्म्या लोकांचे आहेत.

इंदोरा_चौक, तुमचा श्याम हॉटेलचा प्रश्न मी डोक्यात ठेवलाय. त्या काळी बर्डीवर काम केलेले माझ्या ओळखीचे दोघे आहेत, एक अजनीला मुलाकडे, एक टेकडी लाइनला. दोघांनाही नव्वदी लागली. या आठवड्यात भेटतो. बरोबर येता का? तुम्ही विचारलेलं बरं, मला सगळे प्रश्न सुचणार नाहीत.

इंदोरा_चौक

येतो साहेब. नक्की येतो. रविवार सोडून कधीही सांगा, रेकॉर्डर घेऊन येतो.

सदरचा_पोरगा

मग मीही एक सुचवतो. आबाजींच्या पेटीत हॉटेलच्या हजेरी मस्टरची काही पानं आहेत, बहुतेक रद्दीत जाताना त्यांनी उचलली असावीत. नावापुढे हुद्दा आहे: मसालची, भिश्ती, दरवान, माळी, आया, धोबी. सही एकाचीही नाही, सगळे अंगठे. नावं झाकून फोटो इथे टाकणार नाही, नावं झाकली तर अर्थच नाही. पण ज्यांना आपले आजे-पणजे शोधायचे आहेत त्यांनी घरी यावं आणि पानं बघावी. सदरला यायचं आणि व्यक्तिगत निरोपात पत्ता मागायचा.

परीटघडी

दादा, मी येते. ठेक्यावरच्यांची नावं मस्टरवर असणार नाहीत हे माहीत आहे, तरी बघते. पानांच्या कडेला कुठे ठिपके-रेघा असतील तर पुसू नका. बाबू लोक कपड्यांचा हिशेब मस्टरच्याच मागे लिहायचे, आमची खूण मी ओळखेन.